काळी दोन

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावरचा हॉल
दर गुरुवारी दोन तास आमचा.
एरवी तिथे कराटे चालतं,
म्हणून भिंतीशी निळ्या गाद्या उभ्या
आणि हवेत कोवळ्या मुलांच्या घामाचा वास.

तंबोरा नाही.
खिडकीत एक जुना एसी आहे,
अखंड काळी दोनमध्ये घुमणारा.
पहिल्या दिवशी ढवळीकरबाईंनी पेटीची पट्टी दाबली,
कान तिरका केला आणि म्हणाल्या,
चला, षड्ज आयता मिळाला.
तेव्हापासून सगळी गाणी त्याच पट्टीत.
बायकांना फार खालून जावं लागतं,
वरच्या पंचमाला उपेंद्र टाचा उचलतो.

उपेंद्र हिद्दच्या गोदीत वेल्डर,
तारसप्तकात डोळे मिटतो, तेवढाच त्यांना आराम.
फिलोमिना डाबरे रात्रपाळीच्या आधी गणवेशातच येते,
वसईच्या देवळात शिकलेला दुसरा सूर घेऊन,
जो आमच्या सुराला लागून चालतो
पण कधी त्याच्या पायात येत नाही.
नियाज मुकादम, मूळ दाभोळचे, स्पेअर पार्टवाले,
अंतरा लिहून घेतात गिअरबॉक्सच्या पावतीमागे.

आणि मी.
मला पाचवीत लोंढे गुरुजींनी
प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला घेऊन सांगितलं होतं,
तू नुसते ओठ हलव.
सदतीस वर्षं हलवले.
आरतीत, झेंडावंदनाला, लेकीच्या वाढदिवसाला.
कुणाला कळलं नाही.
पुढे पुढे मलाही नाही.

इथेही दोन महिने हलवले असते तसेच,
पण मुकादम शेजारी उभे.
तिसऱ्या गुरुवारी मान न वळवता म्हणाले,
अकाउंटंटसाहेब,
तुमच्याकडून येणं बाकी दिसतंय.

एका ओळीच्या शेवटी चोवीस मात्रांचा आकार आहे.
एका छातीत मावत नाही तो.
बाईंनी सांगितलं,
संपायच्या आधीच श्वास घ्या,
शेजारी घेत असेल तेव्हा घेऊ नका.
निघताना चोरपावलांनी निघा,
परतताना दार वाजवू नका.

मी निघालो.
घाबरत, चौदाव्या मात्रेला.
सूर तिथेच होता,
जराही न हलता,
माझ्यावाचून.
वाईट वाटायला हवं होतं.
परत आलो तर जागा होती,
एसटीत कुणी रुमाल टाकून धरून ठेवावी तशी.
मुकादम त्याच वेळी बाहेर पडले, मला कळलं,
आणि त्यांच्या वाट्याचा सूर
मी धरला. मी.
घरी जाऊन बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, भाजी गरम करू का?
मग गॅस बंद करून म्हणाली, म्हणून दाखव.
एकट्याला येईना.

जूनमध्ये एसी गेला.
मालकाने नवा बसवला, पांढराशुभ्र, संपूर्ण मुका.
त्या गुरुवारी आम्ही उभे राहिलो
नव्या शाळेत आल्यासारखे.
बाईंचा हात पेटीकडे गेला
आणि वाटेतच थांबला.
कुणी सुरुवात केली ते अजून ठरलेलं नाही,
फिलोमिना म्हणते तू, मी म्हणतो उपेंद्र,
पण सगळे एकदम लागलो,
आणि मग बाईंनी हळूच पट्टी दाबून पाहिली.
काळी दोन.
केसभरही इकडे-तिकडे नाही.
मुकादम एवढे हसले
की पुढच्या आकारात त्यांचा श्वास
आम्हाला तिघांना वाटून घ्यावा लागला.

रात्री सिग्नलला माझ्या शेजारी उपेंद्रचा पिकअप.
त्याच्या काचेआड तोंड उघडं, अजून आकारातच.
मी काच खाली केली.
आत आली ती हवा नव्हती, ओला गरम टॉवेल होता.
त्यानेही केली.
मग त्याने एक बोट वर केलं,
म्हणजे, मी श्वास घेतोय,
आणि मी
भर रस्त्यात, टाय लावलेला माणूस,
धरून राहिलो.

दिवा हिरवा झाला.
मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला.
पांढरी चार,
जरा चढी.